केरी ते पोळे, सायकलवरून

प्रश्न : डिसेंबरात बायको, बारा वर्षांची मुलगी आणि दोन मित्रांसह गोव्याच्या उत्तर टोकाच्या केरीहून दक्षिण टोकाच्या पोळ्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलने जायचंय. तीन दिवस पुरतील का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : मोठ्यांना पुरतील, मुलीसाठी चार धरा. माजोर्डा ते मोबोर रस्ता सपाट. तिथे तीच तुम्हाला मागे टाकेल. आम्ही ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवरूनही चालवली, पण रात्री चेन गोड्या पाण्याने धुवून तेल द्यायचा कंटाळा केला. सकाळी तांबूस गंज! खरी परीक्षा बेतुलनंतर, आगोंदपर्यंतच्या चढांची. माझ्या मेहुण्याने तिथे सायकल ढकलत नेली. अजून कबूल करत नाही. हा टप्पा पहाटेच उरका. आणि मुलीच्या सीटची उंची घरीच बसवून घ्या, वाटेत नको.