स्टेअरिंग थरथरतंय की गाडी तरंगतेय?

वाचकांचे प्रश्न, गाडीवाल्याची उत्तरं

प्रश्न (न्यू जर्सीहून): मागच्या वर्षी 1994 ची माझदा मियाटा घेतली, ती वर उघडणाऱ्या हेडलाइटवाली. गावात मस्त चालते. टर्नपाइकवर (हायवेवर) 60-65 माइलला स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं, 75 ला थरथर बरीच कमी होते पण मग गाडी लेनमध्ये डावी-उजवीकडे जात राहते, सारखं सावरावं लागतं. शॉपवाला म्हणतो पूर्ण स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) आणि टाय रॉड (रॅक चाकांना जोडणारे दांडे) बदला. आकडा ऐकून घाम फुटला. बदलू का?

उत्तर: थांबा, रॅकचे पैसे एवढ्यात देऊ नका. तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि शॉपवाल्याने त्यांची एकच करून टाकलीय. ठरावीक स्पीडला येणारी आणि पुढे कमी होणारी थरथर बहुतेक वेळा चाकाची असते, आणि गाडी भटकणं हे अलाइनमेंट (चाकांचे कोन), टायरमधली हवा किंवा घासलेल्या बुशचं (जोडांमधल्या रबराचं) काम असतं. दोन्ही एकदम असू शकतात, 30 वर्षांच्या गाडीत तर नक्कीच, पण शोधायचं वेगवेगळं.

आधी थरथर. या गाडीचा मूळ टायर 185/60 आर14, म्हणजे एक फेरा साधारण 1.8 मीटरचा, त्यामुळे 100 किमीला (तुमचे 62 माइल) चाक सेकंदाला 15 वेळा फिरतं. रिमच्या कडेला नुसतं 30 ग्रॅम वजन कमी-जास्त असलं तरी त्या स्पीडला ते सुमारे 5 किलोच्या जोराने चाकाला हिसका देतं, तोही सेकंदाला 15 वेळा. आणि चाक, सस्पेन्शन, स्टेअरिंग या सगळ्याची स्वतःची हलण्याची लय साधारण त्याच्याच आसपास असते. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो चढतो ना, तसंच. स्पीड त्याच्या पुढे गेला की लय जुळत नाही, म्हणून 75 ला तुम्हाला बरं वाटतं. गाडी हलकी आहे, टनाच्या आसपास, त्यामुळे जड सेडानमध्ये कळणारही नाही एवढं बॅलन्सिंग चुकलं तरी इथे हाताला जाणवतं, मियाटावाले याबद्दल वर्षानुवर्षं कुरकुरतायत.

आता फुकटची टेस्ट. पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे लावा (चारही एकाच साइजची असतील तरच) आणि परत त्याच रस्त्यावर जा. थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये सरकली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये, रॅकचा काही संबंध नाही. जागची हललीच नाही तर मग पुढच्या भागात शोधायचं. थरथर फक्त ब्रेक मारल्यावर येत असेल तर ते डिस्कचं प्रकरण, वेगळं बघू.

चाक काढलंच आहे तर आणखी एक बघा, रिम कंपनीचे आहेत की बाहेरचे. मियाटाच्या हबचा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाचा) व्यास 54.1 मिमी, बाहेरच्या रिमचं मधलं भोक बरेचदा मोठं असतं आणि मधे बसणारी रिंग कोणीतरी कधीच हरवलेली असते, मग चाक नटांच्या भरवशावर बसतं आणि थोडं जरी एका बाजूला सरकलं तरी बॅलन्सिंग मशीनवर परफेक्ट दिसणारं चाक गाडीवर थरथरतं. टायरवाला म्हणतो माझं बॅलन्सिंग बरोबर, तुम्ही म्हणता गाडी हलते, आणि दोघंही खरं बोलत असता! म्हणून रिंग घाला, गाडी जॅकवर असतानाच नट हाताने समोरासमोरचे बसवा, खाली उतरवून टॉर्क पान्याने 90 ते 115 न्यूटन मीटरच्या मधे आवळा. त्यानंतरही राहिलं तर 'रोड फोर्स' बॅलन्सिंग करणारं दुकान शोधा, त्यात टायरवर रोलर दाबून फिरवतात, त्यामुळे टायरचा आतला कडक भाग किंवा वाकलेला रिमही सापडतो. साध्या मशीनला हे दिसत नाही. आणि गाडी हिवाळाभर गॅरेजमध्ये उभी होती का? उभ्याने टायर खालून चपटा पडतो, थोडं अंतर चालवल्यावर गरम होऊन गोल झाला तर सोडून द्या, नाही झाला तर टायर गेला.

आता भटकणं. पहिली गोष्ट अगदीच क्षुल्लक, हवा. या गाडीला कंपनी 26 पीएसआय सांगते, चारही चाकांत. पण हवा भरणारा सवयीने 35 ठोकतो आणि गाडी प्रत्येक खाचेवर उडते. थंड टायरमध्ये 26 करा आणि मग बोला. टायरवर चार आकडी तारीख असते, उदाहरणार्थ 2316 म्हणजे 2016 चा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर दहा वर्षांचं असेल तर माझ्या मते बाकी काही करण्यात अर्थ नाही, आधी टायर.

मग गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर हात घालू नका. चाक घड्याळातल्या 9 आणि 3 वर धरून हलवा, खटखट आली तर टाय रॉड. 12 आणि 6 वर धरून हलवा, तिथे आली तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा गोळ्याचा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून परत हलवा, खटखट गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. रॅकसाठी चाकं जमिनीवर ठेवून दुसऱ्याला स्टेअरिंग थोडं-थोडं हलवायला लावा आणि तुम्ही खाली बघा, रॅकच सरकतोय का, की त्याचे रबर बुश दबतायत, कारण बुश म्हणजे रॅक नव्हे, आणि दोन्हीच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ढिला टाय रॉड थरथर वाढवतो, पण ती सुरू करणारं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं.

हे सगळं घट्ट निघालं तर चार चाकांची अलाइनमेंट. मियाटाची चारही चाकं अॅडजस्ट होतात आणि मागचा टो (वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडला की तक्रार पुढे स्टेअरिंगमध्ये येते, म्हणून "फक्त पुढचीच करतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पुढे किंचित टो-इन (चाकं पुढून आत वळलेली) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो मागे झुकण्याचा कोन) जमेल तेवढा जास्त मागा, गाडी सरळ रेषेत शांत होते. बोल्ट गंजून जाम झाले असतील, तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे मजुरी थोडी जास्त लागेल.

प्रश्न (जर्मनीहून): पहिल्या पिढीची ऑडी टीटी घेतलीय, खूप जुनी. ऑटोबानवर 180 च्या पुढे गाडी हलकी वाटते, मागची बाजू जणू स्वतःच वळतेय. अलाइनमेंट ठीक आहे म्हणतात.

उत्तर: मागे डिकीवर स्पॉयलर आहे का? हे आधी बघा. ही गाडी 1998 मध्ये आली तेव्हा स्पॉयलर नव्हता. जर्मनीत जास्त स्पीडला अपघात झाले, माणसं गेली, मग ऑडीने गाड्या परत बोलावून मागचा स्पॉयलर लावला, सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) दिलं. हवेचा उचलणारा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो, 100 ला जेवढा असतो त्याच्या चौपट 200 ला, आणि मागचं वजन कमी झालेलं असताना लेन बदलताना अचानक अॅक्सिलरेटर सोडला की गाडी फिरायला वेळ लागत नाही. तुमच्या गाडीवर स्पॉयलर नसेल, किंवा आधीच्या मालकाने दिसायला छान म्हणून काढला असेल, तर तो लागेपर्यंत 130 च्या खाली राहा. असेल तर पुढच्या खालच्या कंट्रोल आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याचे) मागचे बुश बघा, या वयात ते फाटलेले असतात आणि अलाइनमेंट मशीनवर उभ्या गाडीत हे कळत नाही.

प्रश्न (पुण्याहून): पोलो जीटी. एक्सप्रेसवेला 90-100 ला स्टेअरिंग थरथरतं. तीन ठिकाणी अलाइनमेंट केली, काहीच फरक नाही.

उत्तर: पडणारही नाही, चौथ्यांदा करू नका. अलाइनमेंटने गाडी सरळ जाते, थरथर बॅलन्सिंगने जाते. चारही चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या, आणि मशीनवर चाक फिरत असताना स्वतः शेजारी उभं राहून रिमच्या आतल्या कडेकडे बघा, आपल्याकडच्या खड्ड्यांत रिम आतल्या बाजूनेच वाकतो आणि बाहेरून नवाकोरा दिसतो.