अँग्री बर्ड्स टून्स: शब्दांवाचून हसवणारी मालिका

अँग्री बर्ड्स टून्स या ॲनिमेशन मालिकेतील पात्रे बोलत का नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मला ती ज्यावर बेतली आहे त्या मूळ मोबाइल खेळातच, ‘अँग्री बर्ड्स’मध्ये, दिसते. फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीने डिसेंबर २००९ मध्ये आणलेल्या त्या खेळात अंडी चोरणारी हिरवी डुकरे, संतापलेले पक्षी आणि एक बेचकी एवढाच प्रपंच होता, संवाद नव्हतेच. मार्च २०१३ मध्ये सुरू झालेल्या मालिकेने ही निःशब्दता जपली आणि जेमतेम तीन मिनिटांच्या भागात किंचाळणे, गुरगुरणे, भुवयांची हालचाल आणि आपटण्या-धडपडण्याची अचूक वेळ यांवर सारा विनोद उभा केला.

रूपांतराची खरी करामत मात्र मला दुसरीकडे जाणवते. खेळात पक्ष्याला जी शक्ती होती, तीच येथे त्याचा स्वभाव बनली: वेगाने झेपावणारा पिवळा चक उतावळा आणि बढाईखोर झाला, तर काळ्या बॉम्बचा स्फोट कधी होईल याचा नेम उरला नाही. डुकरांचे बेत बहुधा त्यांच्याच अंगावर उलटतात, आणि ते समजायला कोणतीही भाषा लागत नाही. म्हणूनच खेळाच्या ॲपमधूनही दाखवले गेलेले हे भाग डबिंगवाचून देशोदेशी पोहोचू शकले.