आधी शेतवाल्याला विचार

अंबाजोगाई

प्रिय मित्रा,

ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुल्या कोडच्या प्रकल्पाला तू पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या, अशी विनंती) पाठवलीस; दहा दिवस झाले तरी तिला कोणी उत्तर देईना, म्हणून चिडलायस. मी ती उघडून पाहिली. रीडमीतलं, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाईलीतलं एक स्पेलिंग सुधारलंस, ठीक. पण तुझ्या एडिटरनं परस्पर रिकाम्या जागा बदलल्या आणि एकोणीस फायली सोबत गेल्या. तपासणाऱ्यानं ते एक अक्षर शोधायचं कुठं? हसू नको म्हणशील, पण मला हसू आलं. माझा पहिला पॅच, म्हणजे पाठवलेला बदल, असाच होता. लाईट आली की रात्री बसायचं, असे दिवस. एका प्रकल्पाची अख्खी फाईल 'नीट लावून' पाठवली. मेंटेनरनं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यानं एवढंच विचारलं, यानं काय दुरुस्त झालं? सांगण्यासारखं काही नव्हतं.

इर्जिकीबद्दल आजोबांकडून ऐकलं असशील. दहा जण आपापले बैल घेऊन एकाच्या शेतात उतरायचे. बैल तुमचे, घाम तुमचा, पण आधी कोणता पट्टा ते शेतवाला सांगणार. बऱ्याच प्रकल्पांत 'काँट्रिब्यूटिंग' नावाची फाईल असते, तिच्यात हेच लिहिलेलं असतं. ती तू वाचलेली नाहीस, हे कळतं. (इर्जिकीत निदान जेवण मिळायचं.)

आणि स्पेलिंगच्या मागं लागलासच कशाला? मामाच्या कृषी सेवा केंद्राची बिलं काढतोस ना, पीडीएफमध्ये 'शेतकऱ्याचे नाव' यातला 'ऱ्या' फाटतो म्हणून मागं कुरकुरत होतास. परभणीत तुला ते रोज दिसतं. ज्याला देवनागरी वाचताच येत नाही, त्या मेंटेनरला ते आयुष्यात दिसणार नाही. आचार्यांना दक्षिणा देतात आणि आचाऱ्यांना मजुरी, हा फरक त्याला समजेल असा मांडणं, हे स्पेलिंगपेक्षा कितीतरी मोठं काम आहे.

ते मांडायचं कसं? आधी तोच मजकूर त्याच फॉन्टमध्ये ब्राउझरला दाखव. तिथं नीट दिसला तर फॉन्ट निर्दोष. म्हणजे पीडीएफ बनवणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) अक्षरं जोडत नाही. मग अक्षरांचे क्रमांक दे: युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जागतिक क्रमांकयादीत, ऱ हा ०९३१, हलन्त ०९४डी, य ०९२एफ. काही कीबोर्ड साध्या र पुढं हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून तेच रूप काढतात. डोळ्याला सारखं, आतून वेगळं. दोन्ही तपास. सोबत हेही दे: लायब्ररीची आवृत्ती, हवं ते चित्र, मिळालेलं चित्र आणि चार ओळींचा कोड, ज्यानं दोष कोणालाही पुन्हा दिसेल. जुन्या इश्यूंत, म्हणजे प्रकल्पाकडं नोंदवलेल्या तक्रारींत, 'देवनागरी' शोधायला विसरू नको. कोणीतरी आधीच तक्रार केली असेल तर तिच्याखालीच तुझं उदाहरण जोड. कोड सुधारण्याचं नंतर बघू. नुसता असा इश्यूसुद्धा योगदानच असतो, प्लेसमेंटवाल्यांना मोजता येवो न येवो.

उत्तराला उशीर लागला तर राग धरू नको. २०२४ साली एक्सझेड या फायली लहान करणाऱ्या लायब्ररीत काय झालं, ते वाच. थकलेल्या एकट्या मेंटेनरला एकानं दोनेक वर्षं गोड बोलून मदत केली, विश्वास कमावला आणि मग कोडमध्ये चोरदार (बॅकडोर, गुपचूप आत शिरायची वाट) बसवलं. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय असं खटकलं, म्हणून ते सापडलं. तेव्हा नव्या माणसाकडं कोणी जरा रोखून पाहिलं तर त्यात तुझा अपमान नाही.

ती पुल रिक्वेस्ट तूच बंद कर. 'चुकून जास्तीच्या फायली गेल्या' एवढं लिही, माफीचा निबंध नको. बिलाची पीडीएफ मला पाठव, पण गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर काढून. इश्यू आधी मराठीत लिही. इंग्रजी रविवारी बसून करू.

तुझा,
दादा