आईला आम्ही उपाशी ठेवतोय का?

शेवटच्या आजारातल्या पेशंटना बघायला मी घरी जाते, तेव्हा घरचे लोक मला सगळ्यात जास्त हेच विचारतात. पुण्यात धनकवडीतल्या एका घरातला अनुभव सांगते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

आईंना स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. केमो थांबवून घरीच ठेवायचं ठरलेलं. दिवसा पेशंटची काळजी घ्यायला नर्सिंग ब्यूरोच्या मावशी. मी गेले तेव्हा लेक सिरिंजनं भाताची पेज भरवत होती. आईंनी ती गालातच धरून ठेवली, मग जोराचा ठसका. "मावशींनी सकाळपासून दोनच चमचे भरवलेत," लेक वैतागली होती. बंगळुरूहून भावाचा एकच धोशा, सलाईन लावा.

मी मावशींना तिच्यासमोरच विचारलं. "आजी तोंड फिरवतात हो. जबरदस्ती कशी करू?"

मावशींचं बरोबर होतं. या टप्प्यावर शरीराला अन्न वापरता येत नाही, भूकच मरते. बळजबरीनं भरवलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं. किडन्या मंदावल्यावर सलाईनचं पाणी पायांवर, फुफ्फुसांत साचतं आणि दम वाढतो. हे मी भावालाही फोनवर सांगितलं. "मग मी काय करू?" म्हणाला. म्हटलं, तिकीट काढा. तो दुसऱ्या दिवशी आला.

पण "भरवू नका" एवढंच सांगून उठणं मला क्रूरपणा वाटतो. आपल्याकडे माया ताटातूनच पोचते. ते काढून घेतलं की लेकीनं करायचं काय? म्हणून मावशींनी तिला शिकवलं : ओल्या गॉझनं तोंड आतून पुसायचं, ओठांना व्हॅसलिन लावायचं, आई जाग्या असतील आणि मागतील तर उशांच्या आधारानं उंच बसवून जिभेवर कोकम सरबताचे दोन-चार थेंब. आईंनी कोकम खरंच मागितलं, दोनदा.

ज्यांचा पेशंट घरी आहे त्यांनी पॅलिएटिव्ह टीमकडे (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या डॉक्टर-नर्सकडे) वेळेवर नाव नोंदवावं. वारज्यात सिप्लाचं केंद्र १९९७ पासून हे काम मोफत करतंय.

आई गेल्यावर ब्यूरोनं मावशींना लगेच दुसरं घर दिलं. त्यांच्याशी कोणी बोललंच नसेल म्हणून मी फोन केला. त्यांनी आधी विचारलं ते हेच : "मी कमी भरवलं, असं ताईंना अजून वाटतं का हो?" मी नाही म्हटलं, पण हे लेकीच्या तोंडून ऐकायला हवं होतं. तिला तसं कळवलं. संध्याकाळी तिनं मावशींना फोन केला.