माया एकीकडे, धाक दुसरीकडे

“आईबाप असून नसल्यासारखे, हे पोर वाया जाईल का?” दापोली तालुक्यातील एका आजींनी आपल्या १४ वर्षांच्या नातवाविषयी विचारलेला हा प्रश्न किनारपट्टीवरच्या अनेक घरांतून माझ्याकडे येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आईवडिलांनी विभक्त होऊन मुंबईत आपापले नवे संसार थाटले होते आणि गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांत या मुलासाठी म्हणून कोणीच येत नव्हते. शाळेत त्याला कोणी खेळायला घेत नसे, आणि घेतलेच तर पहिल्या वादाला तो डाव मोडून निघून जाई.

तो मुळातच तिरसट, असे गावाचे म्हणणे होते. मला ते पटले नाही. समोरचा आपल्याला नाकारणारच हे त्याने इतके पक्के धरले होते की, कोणाचे साधे दुर्लक्षही त्याला हेटाळणी वाटे आणि कोणी दूर लोटण्याआधी तोच संबंध तोडून मोकळा होई. सांभाळणाऱ्यांकडून आलेल्या अनुभवांवरून मूल ‘मी कोणाला हवा आहे का’ याचा आडाखा बांधते आणि पुढे तोच इतर नात्यांना लावते, असे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडले आहे.

घरी आजी होत्या, मामा होते. तरीही हे घडले, कारण आजी जीव लावत, पण आधीच दुखावलेले पोर म्हणून तो रात्री कुठे होता हे विचारत नसत. आणि बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, असलेले मामा प्रत्येक गोष्टीचा जाब विचारत, पण सुरुवातच “बापावर गेलास” अशी करत. माया करणारे विचारत नाहीत आणि विचारणारे माया करत नाहीत, एवढेच तो त्यातून शिकला. मग शिक्षकांची साधी सूचनाही त्याला झिडकारल्यासारखी वाटली, यात नवल कसले?

त्यामुळे माझे बरेचसे काम मोठ्यांबरोबरच झाले. आजींनी घरी परतण्याची वेळ ठरवून उशिराचे कारण विचारायचे, मामांनी बापाचा उल्लेख थांबवायचा, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात जाळी दुरुस्त करताना त्याला सोबत बसवून, चुकल्यास जाळे हातातून न ओढता, पुन्हा करायला लावायचे. “असल्या लाडाने पोरे सुधारत नाहीत,” असे मामा कुरकुरले, पण त्यांनी ते केले.

आजींना मी हवाईतील कौआई बेटावरच्या अभ्यासाविषयी सांगितले. तेथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली, आणि त्यांना आईवडिलांपैकी नसले तरी भरवशाचे एखादे मोठे माणूस लाभलेले होते. हा दिलासा आहे, हमी नव्हे, हेही मी त्यांना स्पष्टपणे सांगितले.

आईचा फोन अजूनही येत नाही आणि त्याचे दुःख कोणत्याही उपायाने भरून निघालेले नाही. शाळेत भांडणेही होतात. मात्र झालेला प्रकार तो आता मामांना येऊन सांगतो, बहुतेक वेळा स्वतःची बाजू बरीच रंगवून.