मिहानमधली नोकरी, चौदा माणसांची कंपनी आणि बाबांचा मेडिक्लेम

त्रिमूर्तीनगर, नागपूर इथून एका आईंनी लिहिलं आहे:

“मुलगा २६ वर्षांचा आहे. इंजिनिअरिंग झाल्याबरोबर कॅम्पसमधून मिहानमधल्या मोठ्या आयटी कंपनीत लागला, सव्वाचार वर्षं झाली. पॅकेज ६.८ लाख. आता १४ माणसांच्या एका स्टार्टअपनं ९ लाखांची ऑफर दिली, वरून शेअर देऊ म्हणतात. ह्यांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, तो सगळा खर्च मुलाच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून निघाला. मुलासाठी स्थळं पाहणंही सुरू आहे. एवढी पक्की नोकरी सोडू नको म्हणते, तर तो ऐकूनच नाही राहिला. तुम्हीच समजावून सांगा.”

ताई, नमस्कार.

तुम्ही समजवायला सांगितलंत, म्हणून शनिवारी मी त्याच्याशी तासभर बोललो. पहिलाच प्रश्न विचारला, गेल्या सहा महिन्यांत तू स्वतः कोड किती लिहिलास? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, प्रोजेक्ट सपोर्टचा आहे. तिकीट, म्हणजे तक्रार, येतं, मी लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, बघतो, अडकलेलं काम परत चालू करतो, नाही जमलं तर पुढच्या टीमकडे पाठवतो. वर्षभरात कोडच्या दोनशे ओळी लिहिल्या असतील.” टेस्टिंग दुसरी टीम करते, डिप्लॉयमेंट, म्हणजे तयार सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात आणणं, तिसरी. हे सॉफ्टवेअर वापरणारा माणूस त्यानं चार वर्षांत एकदाही पाहिलेला नाही.

ताई, मला काळजी वाटते ती ह्या दोनशे ओळींची. सहा-सात वर्षांचा अनुभव झाला की मुलाखतीत “तू काय बांधलंस?” हेच विचारतात, आणि तिथे कंपनीचं नाव कामी येत नाही. नोकरी पक्की म्हणावी, तर देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीनं, टीसीएसनं, जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं होतं. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. भाऊजींनी हिंगण्याच्या एमआयडीसीत ज्या भरवशावर नोकरी केली असेल, तो भरवसा आता मोठ्या कंपनीतही तसाच राहिलेला नाही, एवढंच.

आता ही नवी कंपनी. वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, आणि गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर ते बनवतात. तिथे तो स्वतः लिहील, स्वतः लाइव्ह करील, आणि रात्री अकराला गोदामातून “बिल्टी छापून नाही राहिली” असा फोन आला तर तोच उचलील. दमछाक होईल. पण सॉफ्टवेअर शिकण्याची याहून चांगली जागा मला माहीत नाही. अट एकच, त्याचा कोड तपासणारा कुणीतरी हवा. १४ जणांत डेव्हलपर पाच असतील, तर त्यात मुरलेला निदान एक आहे का? तो रोज कोड वाचतो का, की मालकच “चालतंय ना, टाकून दे” म्हणतो? हे त्यानं अजून विचारलेलंच नाही! एका दिवसासाठी ऑफिसात बसू द्या म्हणावं. मी तर पगाराच्या आधी हे पाहिलं असतं. माझा एक जुना विद्यार्थी अशाच छोट्या कंपनीत गेला आणि ती अकरा महिन्यांत बंद पडली. तरी महिन्याभरात त्याला दुसरी नोकरी लागली, कारण काय बनवलं ते त्याला उघडून दाखवता येत होतं. त्याच्या डोक्यावर एक कडक सीनियर होता, हे त्याचं नशीब.

ऑफर लेटर मी नीट वाचलं. ९ लाखांत १.२ लाख व्हेरिएबल, म्हणजे मिळेलच याची खात्री नसलेला भाग, आहे, आणि ६० हजार जॉइनिंग बोनस, तोही वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. म्हणजे पक्के ७.२ लाख, महिन्याला ६० हजार. आजच्या ६.८ लाखांत ४० हजार व्हेरिएबल आहे, म्हणजे महिन्याला ५३ हजारांच्या आसपास. फरक उरतो सात हजारांचा. पैशासाठी जात असेल तर जाऊ नये, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, पैशासाठी नाहीच जात. मला ते खरं वाटलं.

शेअरचं म्हणाल, तर पत्रात “४०० ऑप्शन” एवढंच लिहिलं आहे, म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला ४०० शेअर घेण्याचा हक्क. चारशे कितीपैकी? एक लाखापैकी की एक कोटीपैकी? ते कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. कायद्यानं पहिलं वर्षभर त्यातलं काहीच हाती येत नाही. पुढे शेअर प्रत्यक्ष घेताना, आपण दिलेली किंमत आणि त्या दिवशीचं मूल्य यांतला फरक पगारासारखाच करपात्र धरतात, शेअर विकलेला नसला तरी. तेव्हा घरच्या हिशेबात ह्या ऑप्शनची किंमत आज शून्य धरा.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र भाऊजींच्या अँजिओप्लास्टीची आहे. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, मग राजीनामा मुलानं दिलेला असो की कंपनीनं घेतलेला. म्हणजे हा धोका स्टार्टअपमुळे आलेला नाही, तो आजही तुमच्या घरात आहे. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि जुन्या आजारासाठी थांबण्याचा जो काळ, म्हणजे प्रतीक्षाकाळ, आधी काढला तो धरला जातो. पण त्यासाठी नोकरीत असतानाच अर्ज केलेला बरा, आणि घ्यायचं की नाही, कोणत्या अटींवर, हे विमा कंपनी ठरवते. नवी पॉलिसी काढली तर आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागू शकतं. अँजिओप्लास्टीत स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनीत जाळीची नळी, बसवली असेल तर ते लपवू नका, एजंटनं सुचवलं तरी नाही. क्लेम नाकारायला तेच कारण पुरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका पडेल. ही पॉलिसी हातात आल्याशिवाय त्यानं राजीनामा टाकू नये, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. सहा महिन्यांचा घरखर्चही वेगळा काढायला सांगितला आहे.

पीएफचा कायदा २० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला लागतो, इथे चौदाच आहेत. पीएफ देणार की नाही हे लेखी घ्या. देणार असतील तर दर महिन्याला सरकारी उमंग ॲपवर पीएफचं पासबुक बघायची सवय त्याला लावा. जुना पीएफ काढू नये, ट्रान्सफर करावा. सध्याच्या कंपनीत पाच वर्षं पूर्ण झाली तर ग्रॅच्युइटी मिळेल. बेसिक २७ हजार धरलं तर ती जवळपास ७८ हजार होते. नोटीस ९० दिवसांची आहे आणि पाच वर्षांना नऊ महिने उरलेत. तेवढ्यासाठी नवं काम हातचं जात असेल तर मी थांबणार नाही. स्टार्टअप थांबायला तयार असेल तर गोष्ट वेगळी. ते एका महिन्यात ये म्हणतात, ते मात्र ऐकू नये. रिलिव्हिंग लेटर, म्हणजे जुन्या कंपनीनं रीतसर मोकळं केल्याचं पत्र, हातात नसताना निघालेला मुलगा पुढच्या प्रत्येक नोकरीत त्याचा खुलासा करत बसतो.

स्थळांना जे आहे ते सरळ सांगा. लपवलेल्या नोकरीवर जमलेलं लग्न तुम्हालाच जड जाईल.

माझं मत विचाराल, तर त्यानं जावं. पण आधी पॉलिसी, कोड तपासणारा माणूस आणि ‘चारशे कितीपैकी’चं लेखी उत्तर. दोन गोष्टी तो करतो आहे. पॉलिसीचं तुम्ही हाती घ्या. भाऊजींची डिस्चार्ज समरी, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी एका फाइलीत लावा, झेरॉक्स काढा, आणि ह्याच आठवड्यात विमा कंपनीकडे चौकशी सुरू करा.