‘गिव्हन दॅट’ आलं की हात थांबतो

“मॅडम, कारखान्यात दिवसभर टक्केवारीच बघतो, पण पेपरात ‘गिव्हन दॅट’ दिसलं की हात थांबतो. आता या वयात डोकं चालत नाही, असंच ना?” नोकरी सांभाळून एमबीए करणाऱ्यांकडून हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. बिझनेस स्टॅटिस्टिक्सचा पेपर राहतो, आणि तो बहुधा कंडिशनल प्रॉबॅबिलिटीच्या, म्हणजे सशर्त संभाव्यतेच्या उदाहरणांवर अडतो. ‘गिव्हन दॅट’ म्हणजे ‘अमुक घडलं आहे असं धरून’, आणि मग तमुक असण्याची शक्यता किती, हा प्रश्न. मग अख्खा अभ्यासक्रमच सोडावासा वाटतो. असंच सोडायला निघालेल्या एका विद्यार्थ्याची ही हकिकत त्यांच्या संमतीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ कोल्हापूर भागातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, तपासणी विभागाचे सुपरवायझर. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लो होल (वायूमुळे राहिलेली पोकळी) कुठे असणार हे नजरेने ओळखणारे. बढती अडली म्हणून शनिवार-रविवारची एमबीए घेतली. वर्गात बाकी सगळी पंचविशीतली मुलं. पहिल्या भेटीत गणिताचा विषय निघालाच नाही. दहावीतल्या मुलीपासून निकाल लपवावा लागला, हेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी त्यांना बोलू दिलं. मनातली लाज बोलून झाल्याशिवाय मी कागद पुढे करत नाही. घाबरलेला माणूस उदाहरण वाचत नाही, त्यातले आकडे तेवढे गोळा करतो.

दुसऱ्या भेटीत ते अडलेलं उदाहरण घेऊन आले. कारखान्यातले २ टक्के भाग सदोष असतात. तपासणीचं यंत्र सदोष भागांपैकी ९५ टक्के पकडतं, पण चांगल्या भागांपैकीही ४ टक्के चुकून बाद करतं. यंत्राने एक भाग बाद केला आहे, तर तो खरोखरच सदोष असण्याची संभाव्यता किती?

त्यांनी बेजचं सूत्र, म्हणजे अशी सशर्त संभाव्यता काढण्याचं सूत्र, बिनचूक लिहिलं. पाठच होतं. त्याखाली उत्तर लिहिलं, ९५ टक्के.

इथे चुकणारे ते एकटे नाहीत, हे आधी सांगणं मला गरजेचं वाटलं. अमेरिकेतल्या डेव्हिड एडी यांनी १९८२ साली लिहिलं आहे की स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीबद्दल असाच प्रश्न डॉक्टरांना विचारला, तेव्हा बहुतेकांनी ७५ टक्क्यांच्या आसपास उत्तर दिलं. हिशेबाने ते ८ टक्क्यांच्याही आत येत होतं. “डॉक्टरसुद्धा?” एवढंच ते म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

मग मी सूत्रावर वही ठेवली आणि म्हटलं, “समजा, १०,००० नग निघाले. तुम्हीच मांडा.” त्यांनी भराभर लिहिलं. सदोष २००, चांगले ९,८००. सदोषांपैकी यंत्राने पकडले १९०, सुटले १०. चांगल्यांपैकी चुकून बाद झाले ३९२. “आता बाद मालाच्या ढिगापाशी उभे राहा. तिथे एकूण किती नग?” ५८२. “त्यातले खरे खराब किती?” १९०. म्हणजे जेमतेम ३३ टक्के.

ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणून तर आम्ही रिजेक्ट माल लगेच भट्टीत टाकत नाही. पुन्हा तपासतो.”

मला हेच हवं होतं. सशर्त संभाव्यता हा माणूस वर्षानुवर्षं कामावर वापरत होता. पेपरात तो एकाच जागी घसरत होता: ९५ टक्के हे त्या २०० सदोष नगांपैकी होते आणि प्रश्न मात्र ५८२ बाद नगांबद्दलचा होता. ढीग बदलला की टक्केवारीचा अर्थ बदलतो. गेर्ड गिगेरेंझर आणि उलरिश होफ्राग या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली दाखवून दिलं होतं की हीच माहिती टक्क्यांऐवजी मोजलेल्या संख्यांत दिली की कितीतरी जास्त लोकांना बरोबर उत्तर काढता येतं. माझ्याकडे येणाऱ्यांच्या बाबतीत मी हे सतत पाहते.

पुढचं संभाषण त्यांनीच ओढून नेलं. ५८२ नग पुन्हा त्याच यंत्राखाली घातले तर? सदोषांतले सुमारे १८१ पुन्हा बाद, चांगल्यांतले सुमारे १६. म्हणजे दोनदा बाद झालेला नग खराब असण्याची संभाव्यता ९२ टक्के. मी पेन खाली ठेवणार तोच ते म्हणाले, “पण मॅडम, हे कागदावर. पहिल्यांदा नगाला चिकटलेल्या वाळूमुळे यंत्र फसलं असेल, तर दुसऱ्यांदाही त्याच वाळूने फसणार.” दोन्ही तपासण्या इंडिपेंडंट, म्हणजे एकमेकींपासून स्वतंत्र, नाहीत असं पुस्तक म्हणेल, ते त्यांनी असं सहज सांगितलं. शिवाय दुसऱ्या फेरीत सदोषांतले नऊ-दहा नग चांगले म्हणून सुटतात. “साध्या झाकणाचा नग असेल तर चालून जाईल. ब्रेकचा असेल तर मी नाही सोडणार.” धंद्यातला निर्णय इथे सुरू होतो आणि तो कुठलंही सूत्र आपल्यासाठी घेत नाही.

परीक्षेपुरतं मी एवढंच सुचवलं की आधी समासात संख्यांचा छोटा तक्ता मांडा, कुठल्या ढिगातून मोजायचं ते अधोरेखित करा आणि मगच सूत्रात आकडे भरा. पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे सूत्र गाळू नका. हप्ता थकवणारे कर्जदार असोत की परत आलेल्या ऑर्डरी, मांडणी हीच चालते. मात्र उदाहरण सुटायला लागल्यावरही पेपरच्या विचाराने झोप उडत असेल, छाती धडधडत असेल, तर तक्ता पुरणार नाही. तेव्हा समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी त्या भीतीबद्दलच बोलावं.

शेवटच्या भेटीत त्यांनी आपणहून एक उदाहरण आणलं. साचे बनवणाऱ्या तीन मोल्डिंग लाईन, उत्पादनातला वाटा २५, ३५ आणि ४० टक्के, रिजेक्शन अनुक्रमे ५, ४ आणि २ टक्के. १०,००० नगांत बाद झाले १२५, १४० आणि ८०. बाद माल सर्वांत जास्त दुसऱ्या लाईनचा, पण रिजेक्शनचं प्रमाण जास्त पहिल्या लाईनचं. “आमच्याकडे बैठकीत दर महिन्याला दुसऱ्या लाईनच्या ऑपरेटरलाच बोलणी बसतात,” ते म्हणाले. आकडे त्यांच्या कारखान्याचे नव्हते, पण गुंता तोच होता. आता गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी काढून असाच तक्ता ते पुढच्या बैठकीत मांडणार आहेत. राहिलेल्या पेपरचा फॉर्मही भरला आहे.